घर विकायला काढताय? आधी फाइल उघडा, मग रंगाचा डबा

बाबा गेल्यानंतर दोन वर्षांनी आईनेच विषय काढला. कोथरूडचा आमचा ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. "मला आता हे जिने होत नाहीत गं," म्हणाली. मी ठाण्याला, दादा मेलबर्नला. घर विकायचं ठरलं आणि ज्याला ज्याला कळलं त्याने एकच सल्ला दिला, आधी रंग लावून घ्या. आम्ही लावला. ऑगस्टमध्ये हॉल रंगवला आणि गणपती उठेपर्यंत कपाटामागच्या भिंतीला पोपडे धरले. त्याच सुमाराला पहिलं गिऱ्हाईक आलं. चांगलं कुटुंब होतं, घर आवडलं, भावही जवळजवळ जमला. मग त्यांच्या वकिलाने शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, मागितलं. ते बाबांच्या नावावर, आणि मूळ प्रत कुठे आहे ते आईलाही आठवेना. त्या लोकांनी महिनाभर वाट पाहिली आणि दुसरीकडे व्यवहार केला.

तेव्हा आम्ही क्रम बदलला. आधी कागद, मग गळती, मग सामान, मग किरकोळ दुरुस्ती, रंग सर्वांत शेवटी. गिऱ्हाईक त्यानंतर. हाच क्रम पहिल्या दिवसापासून ठेवला असता तर आमचे किमान तीन महिने वाचले असते. खाली लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीतला जुना फ्लॅट विकणाऱ्यांसाठी आहे.

कागद

एक जाड फाइल आणा आणि एका रविवारी घरातले सगळे कागद टेबलावर ओता. जाहिरात देण्याआधी हे हाताशी हवं: तुमचा मूळ नोंदणीकृत करारनामा आणि त्याची नोंदणी पावती, सूची क्रमांक दोन (नोंदणीचा सरकारी उतारा, सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात तो), घर दुसऱ्याकडून घेतलं असेल तर बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे मधले सगळे करार, शेअर सर्टिफिकेट, ताबापत्र, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मंजूर नकाशाची प्रत, मालमत्ता कराची चालू पावती, महावितरणचं बिल, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र. करार हरवला असेल तर घाबरू नका. पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, असा रस्ता आहे. त्याला आठवडे लागतात, म्हणून तो गिऱ्हाईक येण्याआधी चालायचा. सूची दोन तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमधूनही शोधता येते.

शेअर सर्टिफिकेट सापडलं की ते उलटं करा. पुढची बाजू सगळे बघतात. मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदींचा तक्ता असतो, आणि घर कुणाकुणाकडून कुणाकडे गेलं ते तिथे लिहिलेलं असतं. आमचं सर्टिफिकेट अखेर सापडलं तेव्हा बाबांच्या नावाची १९९४ ची नोंद मागे होती, पण त्यापुढे एकाच पदाधिकाऱ्याची सही. बाकीच्या सह्यांच्या जागा तीस वर्षं कोऱ्या. सोसायटीचं जुनं इतिवृत्त काढून, ठराव शोधून, आताच्या कमिटीकडून ते नीट करून घ्यायला पाच आठवडे गेले.

नावंही तपासा. करारावर एक वेलांटी, आधारवर दुसरी, वीजबिलावर नुसती आद्याक्षरं, हे जवळजवळ प्रत्येक घरात आहे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवलं की बँकेचा वकील अडवत नाही.

घर वारसाने आलं असेल तर इथे सर्वांत जास्त वेळ द्या. खूप जणांना वाटतं, नॉमिनी (सोसायटीकडे नाव नोंदवलेली व्यक्ती) म्हणजे मालक. तसं नाही. सोसायटी नॉमिनीच्या नावे हस्तांतर करते, पण त्याने बाकीच्या वारसांचा हक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हयात असेल तर ती, सगळ्यांचा सारखा वाटा असतो. लग्न झालेल्या मुलीचाही. म्हणजे एकतर सगळ्यांनी विक्रेते म्हणून सह्या करायच्या, नाहीतर बाकीच्यांनी एकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) करून द्यायचं. आम्ही दोघांनी आईच्या नावे हक्कसोड केलं.

परदेशातला वारस असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. त्याने तिकडे करून पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करायचा अधिकार देणारं पत्र) भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. आम्ही ते पाकीट दिवाळीच्या गडबडीत कपाटात ठेवून दिलं होतं आणि अगदी शेवटच्या आठवड्यात धावपळ केली. दुसरं, अनिवासी व्यक्ती विक्रेता असेल तर तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराला नेहमीचा १ टक्का नव्हे, कितीतरी जास्त टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो, आणि हे कळल्यावर काही खरेदीदार मागे सरतात. हक्कसोड करायचं की सगळ्यांनी मिळून विकायचं, यावर प्रत्येकाचा कर वेगळा होतो. त्यामुळे सह्या करायच्या आधी सीएकडे एकदा बसा. नंतर बसून उपयोग नसतो.

घरावर कर्ज असेल तर बँकेकडून दोन पत्रं घ्या. एक, आज फेडायचं झालं तर किती रक्कम; दुसरं, बँकेकडे कोणते मूळ कागद आहेत त्याची यादी. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बऱ्याच शाखांत तो आपणच दाखवावा लागतो.

सोसायटी

विकायचं ठरलं की सचिवांना भेटून या. उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) हस्तांतराची १५ दिवस आधी लेखी नोटीस द्यायची असते. आदर्श उपविधींनुसार विक्रीसाठी सोसायटीचं ना-हरकत पत्र सक्तीचं नाही. पण खरेदीदाराची बँक ते मागतेच, म्हणून अर्ज लवकर करा आणि पोच घ्या. हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे हस्तांतरासाठी सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये आहे. त्यावर 'विकास निधी' किंवा 'स्वेच्छा देणगी' या नावाने मागितलेली रक्कम द्यायला तुम्ही बांधील नाही. वारसाच्या नावे हस्तांतर करताना तर अधिमूल्य लागतच नाही. आमच्याकडे ते मागितलं गेलं. उपविधींची पानं फोटोकॉपी करून शांतपणे पुढे ठेवली, विषय संपला.

पार्किंगचं पत्र याच फेरीत घ्या. 'आमची गाडी वीस वर्षं इथेच लागते' हा कागद नव्हे. स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग ही वेगळी विकायची वस्तू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. पार्किंग सोसायटी वाटून देते, तेव्हा तुमच्या नावे काय वाटप आहे ते लेखी घ्या आणि गिऱ्हाइकाला तेवढंच सांगा. शिवाय आजचं गिऱ्हाईक हमखास विचारतं की जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का (म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का), स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं (तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं), पुनर्विकासाचं काय ठरलंय. शेवटच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत असेल तर या तिन्हींची उत्तरं अंदाजाने द्यावी लागत नाहीत. पुनर्विकासाच्या अफवेवर भाव वाढवू नका. ठराव नसेल तर 'ठराव नाही' असंच सांगा.

ओल

कपाटामागच्या त्या भिंतीवर मी पोपडे खरवडले तेव्हा आतलं प्लास्टर ओल्या बिस्किटासारखं बोटाला लागलं. रंगाऱ्याने सरळ सांगितलं, "ताई, आम्ही वरून लावून देऊ, सहा महिने धरेल." सहा महिन्यांत घर विकलं जाईल, असं त्याला सुचवायचं होतं. आईने नको म्हटलं, आणि तिचं बरोबर होतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ मध्येच आहे की खरेदीदाराला साध्या पाहणीत कळणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. पुट्टीखाली झाकलेली ओल हा नेमका तसाच दोष. आणि आपण जिथे राहिलो तिथे उद्या कुणाचं लहान मूल त्या भिंतीला लागून झोपणार असतं.

ओल शोधायची सोपी पद्धत: संशयित जागी वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. फॉइलच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीतली दमट हवा आहे, खिडक्या उघड्या ठेवून काम भागेल.

भिंतीतून येत असेल तर भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघा. आमच्या कपाटामागे बाथरूम होतं. प्लंबरने नहाणीचं तोंड कापडाच्या बोळ्याने बंद केलं, जमिनीवर दीड इंच पाणी भरलं, कडेला खडूने रेघ ओढली आणि सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या बरंच खाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतालाही नवा ओला डाग आला होता, तो त्यांनीच बोलावून दाखवला. दोष नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्यात आणि भिंतीच्या तळाशी झिजलेल्या टाइल्सच्या फटींत निघाला. सगळं बाथरूम फोडावं लागलं नाही. ट्रॅपभोवतीचा चौरस फोडून नवा बसवला, वॉटरप्रूफिंग केलं, बाकी फटी खरवडून एपॉक्सी ग्राउट भरलं. मग तीच पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली. ही दुसरी परीक्षा बहुतेक लोक टाळतात. टाळू नका, कारण कारागीर अजून तुमच्या हाताशी आहे आणि त्याचे पैसे पूर्ण दिलेले नाहीत.

पाणी बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा पावसाच्या पाइपातून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची. लेखी अर्ज द्या, फोटो जोडा. घरातल्या नळ-संडास-बाथरूममधून खाली गळत असेल तर ती जबाबदारी आपली. प्लास्टर नवं केलं असेल तर ते पूर्ण वाळू द्या. आम्ही महिनाभर तिकडे रंगाचा हात लावला नाही आणि त्या महिन्यात सामान आवरलं.

सामान

तीस वर्षांचं घर रिकामं करायला दोन रविवार पुरतील असं वाटतं. आम्हाला सात लागले. सुरुवात माळ्यापासून करा, दिवाणखान्यापासून नको, कारण माळ्यावर जे आहे त्याच्याशिवाय तुम्ही वर्षानुवर्षं जगलेले आहात, तेव्हा निर्णय पटापट होतात आणि हात बसतो. एका वेळी एकच जागा. आमच्या चार राशी होत्या: आईबरोबर जाणार, कुणाला तरी देणार, भंगार-रद्दी, आणि 'आज ठरत नाही'. चौथ्या राशीला एकच खोकं ठेवा. ते भरलं की त्यातलं काढल्याशिवाय नवं टाकायचं नाही.

साड्या आणि जुने कपडे बोहारणीला दिले, आईने त्यावर एक स्टीलचा डबा घासाघीस करून मिळवला आणि दिवसभर खूश होती. तांब्या-पितळेची भांडी वजनावर देण्याआधी नातेवाइकांना विचारा. पुस्तकं जवळच्या वाचनालयाला. रद्दीच्या बाबतीत मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे की एकही गठ्ठा न चाळता देऊ नका. आमचं हरवलेलं शेअर सर्टिफिकेट आणि ताबापत्र, दोन्ही एका जुन्या दिवाळी अंकाच्या मधोमध सापडले. घडी पडू नये म्हणून बाबांनीच ते तिथे सपाट ठेवले असणार.

घर पूर्ण रिकामं करू नये असं माझं मत आहे. अगदी मोकळ्या खोलीत डाग आणि तडे तेवढे डोळ्यांत भरतात, आणि पलंग मावेल का हे लोकांना कळत नाही. हॉलमध्ये बसायला दोन-तीन खुर्च्या, बेडरूममध्ये पलंग आणि एक कपाट, स्वयंपाकघरात ओटा पूर्ण मोकळा. देव्हारा आईने शेवटच्या दिवसापर्यंत हलवू दिला नाही, आणि खरं सांगायचं तर येणाऱ्या बऱ्याच जणांना तो बघून बरंच वाटायचं. फोटोंच्या चौकटी, औषधं, बँकेची पत्रं आणि दागिने मात्र आधीच दुसरीकडे न्या. घर बघायला अनोळखी माणसं येणार असतात.

दुरुस्ती आणि रंग

इथे पैसे जपून घाला. नवं मॉड्युलर किचन किंवा नव्या फरश्या करू नका. घेणारा स्वतःच्या आवडीने ते फोडणारच असतो आणि तुमचा खर्च भावात निघत नाही. ज्याला गिऱ्हाइकाचा हात लागतो तेवढं नीट करा: ठिबकणारा नळ, न थांबणारा फ्लश, अडकणारी कडी, रुळावरून उतरलेली सरकती खिडकी, पिवळं पडलेलं स्विचबोर्ड, फाटकी मच्छरजाळी, दारावरची बेल. हे सगळं प्लंबर, सुतार आणि वायरमन यांच्या एकेका दिवसात होतं. प्लंबर आधी, वायरमन नंतर, मग रंगारी. उलट बोलावलंत तर रंगवलेली भिंत फोडावी लागते.

रंग सगळ्या घराला एकच, फिकट. पावसाळ्यात देऊ नका. स्वयंपाकघर, बाथरूमची दारं आणि मुख्य दाराची चौकट यांना रंगाचा हात लावायलाच हवा, बेडरूमच्या भिंती चांगल्या असतील तर तशाच राहू द्या. आमच्या आतल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, माझ्या आणि दादाच्या उंचीच्या, शेजारी बाबांच्या अक्षरात तारखा. रंगाऱ्याने पॉलिश पेपर हातात घेतला तेव्हा आई म्हणाली, "दोन मिनिटं थांबा." चौकटीवर ट्रेसिंग पेपर धरून तिने सगळ्या रेघा उतरवून घेतल्या, खालून वर, एकही न सोडता. मग बाजूला झाली.

भाव आणि कर

जाहिरातींतले आकडे हे मागितलेले भाव असतात. मिळालेले भाव सूची दोनमध्ये असतात. ई-सर्चमध्ये आपल्याच इमारतीतले आणि शेजारच्या दोन इमारतींतले गेल्या वर्षभरातले व्यवहार बघा, चटई क्षेत्रावर (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर) दर काढा. जुन्या करारात बऱ्याचदा बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्र लिहिलेलं असतं, तेव्हा टेप घेऊन चटई क्षेत्र स्वतः मोजा. रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्यही काढून ठेवा. विक्रीची किंमत त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर विक्रेता आणि खरेदीदार, दोघांच्याही करावर त्याचा परिणाम होतो.

खरेदीदार काय हिशेब करतोय तेही समजून घ्या. पुण्यात त्याला ७ टक्के मुद्रांक शुल्क पडतं, आणि खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तर त्यात १ टक्क्याची सवलत आहे. घासाघिशीत ही आठवण करून दिलीत तर कधी कधी तुमचा भाव न उतरवता त्याचं काम होतं.

तुमचा कर: घर २४ महिन्यांहून जास्त काळ असेल तर दीर्घकालीन भांडवली नफा. दर १२.५ टक्के, इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता). २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीसाठी इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो आणि जो कर कमी तो भरता येतो. वारसाने आलेल्या घराला मूळ मालकाची खरेदीची तारीख आणि किंमत धरतात. एप्रिल २००१ पूर्वीचं घर असेल तर १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आधीच घ्या. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, तीन वर्षांत बांधलं, किंवा सहा महिन्यांत ठराविक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवले तर सूट मिळते. म्हणजे पैसे कुठे जाणार हे विक्रीच्या आधी ठरलेलं बरं.

गिऱ्हाईक

फोटो ज्या वेळी घरात उजेड येतो त्या वेळी, दिवे लावून, खिडक्या उघडून काढा. भेटी रविवारी सकाळी लागोपाठ ठेवा, रोज संध्याकाळी एक अशा नकोत. बाथरूम कोरडं असू द्या. बोलायला घरातला एकच जण. टेबलावर एक कागद ठेवा: चटई क्षेत्र, मासिक देखभाल खर्च, पाण्याच्या वेळा, पार्किंग, मालमत्ता कर, इमारतीचं वर्ष. आमच्या कागदावर एक ओळ होती, 'बाथरूमची गळती दुरुस्त केली आहे, पावती पाहता येईल.' तीन-चार जणांनी ती बोट ठेवून वाचली. शेवटी ज्यांनी घर घेतलं त्यांनी पावती मागून पाहिली आणि गळतीबद्दल पुन्हा एकदाही विचारलं नाही.

एजंट असेल तर दलाली किती आणि कधी, हे लिहून घ्या. करारनाम्याच्या प्रती व्हॉट्सॲपवर सरसकट पाठवू नका. टोकनपूर्वी इथेच बसून पाहू द्या, आणि आधारची प्रत देणं भाग असेल तर क्रमांक झाकून, 'फक्त पाहण्यासाठी' असं आडवं लिहून. न बघता घर पसंत करणारा, ओळखपत्राचा फोटो पाठवून 'पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा' म्हणणारा माणूस आला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही.

टोकन घेताना विसार पावती (आगाऊ रकमेची लेखी पावती) करा. त्यात एकूण किंमत, मुदत, बँकेने कर्ज नाकारलं तर टोकनचं काय, आणि घरात काय राहणार काय जाणार (पंखे, गीझर, इन्व्हर्टर) हे सगळं यावं. व्यवहाराचे २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो. व्यवहार ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापेल, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. आणि पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नका, समोरचा कितीही गोड असला तरी. मुहूर्त साधायचा म्हणून 'नुसता कलश ठेवतो' अशी विनंती आली तर पूजेपुरतं दार उघडा आणि संध्याकाळी कुलूप आपलंच लावा.

ताब्याच्या दिवशी वीज मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा, गॅसची जोडणी बंद केल्याची नोंद घ्या, ताबा पावतीवर दोघांच्या सह्या आणि किल्ल्यांची संख्या लिहा. आईने आपल्या हाताने एक कागद लिहून घर घेणाऱ्यांच्या नव्या सूनबाईंना दिला: पाणी सकाळी साडेसहाला येतं, ओट्याचा नळ डावीकडे फिरवायचा, पावसात मागच्या बाल्कनीचं दार फुगतं तेव्हा खालून जरा उचलून ढकलायचं, दूधवाल्याचा नंबर, आणि खालच्या काकूंचं नाव.